सतरा नंबरचा बोर्ड

पंखा दुरुस्त करायला मंगळवारी माणूस यायचा होता. त्यामुळे निळ्या कामाच्या कपड्यातलं कुणीतरी दारात उभं आहे एवढं जाणवल्यावर चित्रकलेच्या बाईंनी वर न बघताच सांगून टाकलं, की तो खिडकीकडचा, तीन दिवस झाले करकरतोय. त्या टेबलावर वाकून चित्रांसाठी पुठ्ठ्याचे माउंट कापत होत्या. पट्टी सरकू नये म्हणून डाव्या हाताची पाचही बोटं तिच्यावर दाबून धरलेली, उजव्या हातात कटर, आणि प्रदर्शन नऊ दिवसांवर. माणूस आत आला, खिडकीकडच्या पंख्याखाली जाऊन उभा राहिला, मान वर करून त्यानं थोडा वेळ आवाज ऐकला आणि म्हणाला, की बेअरिंग गेलंय याचं, पण मी त्यासाठी आलेलो नाही. मग त्यानं आपल्या मुलीचं नाव सांगितलं. बाईंना काहीच आठवलं नाही. पंचवीस वर्षांत इतकी नावं झाली होती की नाव ऐकल्यावर आता चेहरा यायचा नाही, नुसता हजेरीपटाचा रकाना यायचा. माणसाला ते कळलं असावं. डाव्या हातानं काढायची, असं तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे बाईंना डावरी आठवली. वर्गात सगळे तिला तेच म्हणत, आणि खरं तर बाईसुद्धा.

ती दोन महिन्यांपूर्वी गेली, हे त्यानं एखादा निरोप पोचवावा तसं सांगितलं. हृदय जन्मापासून अधू होतं, डॉक्टरांनी कल्पना दिलेली होती, तापाचं निमित्त झालं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी यायचं ठरलं होतं, पण निघता निघता फोन आला: एका इमारतीत एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. त्यांना बाहेर काढेपर्यंत दोन तास गेले आणि शाळा बंद झाली. मुलगी रागावली नाही. चित्र कुठे पळून जातंय, शाळेतच आहे, कधीही बघा म्हणाली. मग परीक्षा आल्या, मग तिचं कॉलेज सुरू झालं, मग दवाखाना. आता घरात तिच्या वह्या आहेत, कपडे आहेत, पण तिनं काढलेलं असं मोठं काहीच नाही. हे सगळं तो पंख्याखालीच उभा राहून बोलला, खुर्ची दिली तरी बसला नाही. शेवटी म्हणाला, "त्यात मी आहे, असं म्हणाली होती."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "स्टोअरमध्ये आहे. शुक्रवारी या, काढून ठेवते."

हे कोण बोललं ते त्यांना नंतर किती तरी वेळ कळलं नाही. पालकांशी बोलायचा एक आवाज त्यांच्याकडे तयार होता, मऊ आणि घाईचा, आणि तो आवाज त्यांना न विचारता बोलून मोकळा झाला. माणसानं मान हलवली, शुक्रवारी अकराला येतो म्हणाला, आणि जाताना भिंतीवरचं बटण बंद करून गेला. बेअरिंग गेलेलं असताना चालू ठेवलं तर मोटर जळेल, म्हणाला. पंखा हळूहळू थांबला. पाती एक एक दिसायला लागली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाईंना आपल्या बोटाखालची स्टीलची पट्टी गार लागली, आणि त्याच क्षणी घशाला पांढरी भुकटी जाणवली, दहा महिन्यांपूर्वीची.

दरवर्षी सुट्टी लागली की त्या आणि शिपाईमामा मिळून मुलांनी रंगवलेले लाकडी बोर्ड पुसायच्या कामाला लागत. पुसणं म्हणजे आधी पॉलिश पेपरनं घासायचं, जिथे रंग जाड बसलेला असेल तिथे जास्त, मग पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात. व्हरांड्यात छत्तीस बोर्ड भिंतीला टेकून वाळत ठेवलेले असायचे आणि मामा दरवर्षी तेच म्हणायचे, की बाई, काय सुंदर दिसतंय बघा, हेच लावा प्रदर्शनात, कुणाचं भांडण नको. बाई दरवर्षी हसायच्या. नवीन बोर्ड शाळेला तीन वर्षांतून एकदा मिळतात, मुलं दरवर्षी येतात, त्यात चूक काय आहे. सूचना लावलेली असते. वर्गावर्गांत जाऊन त्या ती वाचून दाखवतात: ज्यांना आपले वार्षिक प्रकल्प घरी न्यायचे असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत न्यावेत, नंतर शाळा जबाबदार नाही. बहुतेक मुलं नेत नाहीत. घरी जागा नसते, नाहीतर बोर्ड बसमध्ये मावत नाही, नाहीतर चित्रातलं त्यांचं मन उडालेलं असतं. आणि एखादं मूल त्या महिन्यात आजारी असतं, हा विचार बाईंना आज पहिल्यांदा सुचला. म्हणजे सुचला असंही नाही. माउंटचा कापलेला तुकडा टेबलावरून खाली पडला, तो उचलायला त्या वाकल्या, आणि वर येताना तो विचार डोक्यात आधीच होता.

कपाटातून त्यांनी गेल्या वर्षीची नोंदवही काढली. अक्षर त्यांचंच, कोरीव, जरा उजवीकडे कललेलं. सतरा नंबर. विषय: जिना. माध्यम: ॲक्रिलिक. चाळीसपैकी तेवीस. शेरा: रेषा डळमळीत. मनुष्याकृती अपूर्ण, चेहरा नाही. हा शेरा त्यांनी तीनदा वाचला. मनुष्याकृती होती तर. त्यांना जिना आठवत होता, अगदी नीट आठवत होता, एका जुन्या इमारतीचा अंधारा जिना, आणि त्याचा कठडा. कठड्याच्या सळ्या एकामागोमाग एक लहान होत गेलेल्या, शेवटची सळी तर केसाएवढी. पण माणूस आठवेना. डोळे मिटून त्यांनी पायऱ्या मोजत वर जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक खेपेला जिना रिकामाच निघाला.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. तो चांगला माणूस होता, कुणाचं वाईट व्हावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की त्यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे, तू चित्रकार आहेस, दुसरं काढून दे. त्या बापानं पाहिलेलंच नाही तर त्याला काय कळणार. उलट त्याला बरं वाटेल. हे म्हणताना त्यानं हात पुढे करून त्यांच्या खांद्यावरचा एक सुटा केस उचलून टाकला, आणि बाईंना वाटलं की हा म्हणतोय ते बरोबर आहे, यात कुणाचंच नुकसान नाही. नुकसान नाही हेच त्यांना टोचत राहिलं. नवऱ्याच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच सुटला आणि त्यानं दुसऱ्या दिवशी गॅसवाल्याला कुणी फोन करायचा हे विचारलं.

चित्रकार आहेस, हे त्यानं सहज म्हटलं होतं. बाईंनी स्वतःचं शेवटचं चित्र काढलं त्याला एकवीस वर्षं झाली होती. कॉलेज संपताना काढलेलं एक मोठं तैलचित्र त्यांनी भावाला त्याच्या लग्नात दिलं होतं. नदीचं पात्र, उन्हाळ्यातलं, पाणी कमी आणि दगड जास्त. काही वर्षांनी त्याच्याकडे गेल्या तेव्हा ते वॉशिंग मशीनच्या मागे उभं केलेलं दिसलं, भिंतीवर पाणी उडू नये म्हणून. वहिनी ओशाळली, पण बाई इतक्या मनापासून हसल्या की तीही हसायला लागली. नंतर हा किस्सा त्यांनी किती ठिकाणी सांगितला असेल. स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात. नदीला पाणी नव्हतं ना, मिळालं एकदाचं, असा शेवट करायच्या आणि लोक हसायचे. आपण हसलो होतो ते खरं होतं का, हे आज जेवणाची भांडी आवरताना त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत नळ मोठा सोडला.

बुधवारी त्यांना दोन तास मोकळे होते. नवीन बोर्ड काढला, दार आतून लावून घेतलं आणि जिना काढायला बसल्या. इमारतींचे जिने सगळे सारखेच असतात, त्यात अडचण नव्हती. अडचण हाताची होती. हात चुकत नव्हता. पायऱ्या सरळ येत होत्या, सावली जिथे पडायला हवी तिथे पडत होती, आणि वीस मिनिटांत बोर्डावर असा एक जिना उभा राहिला की जो कुणीही चढला नसता. पुस्तकात छापण्याजोगा. त्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला. आता रेषा डळमळीत आली खरी, पण ती म्हाताऱ्या माणसाच्या सहीसारखी आली; डावरीची रेषा अशी नव्हती. ती कशी होती ते मात्र सांगता येईना. मुलगी आठवायची म्हणून त्या खटपट करायला लागल्या: बेसिनजवळची जागा, उन्हाळ्यातही अंगात बाह्यांचा स्वेटर, डाव्या तळहाताची कड कायम रंगानं माखलेली. वर्गात ती सगळ्यांच्या नंतर यायची. चित्रकलेचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. रोज दहा मिनिटं उशीर, आणि बाई रोज म्हणायच्या, आल्या का राणीसाहेब, आणि वर्ग हसायचा. तीही हसायची, दाराशी उभी राहून, उत्तर न देता. दम लागलेला माणूस उत्तर देत नाही. हे आता, आजच, या दार लावलेल्या खोलीत कळत होतं, आणि त्याला काही अर्थ नव्हता.

मग दुसरं आठवलं, आणि ते आठवल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला. कठडा त्यांनी काढला होता. डावरीला सळ्या जमत नव्हत्या, वेड्यावाकड्या येत होत्या, आणि त्या मागून जाता जाता थांबून तिच्या हातातला ब्रश काढून घेऊन, अशा काढ, लहान होत जातात, असं म्हणत सगळा कठडा पुरा करून मोकळ्या झाल्या होत्या. दहा मिनिटं. मुलगी शेजारी उभी होती. म्हणजे त्या चित्रातलं जे इतकं स्वच्छ आठवत होतं, ती केसाएवढी सळी, ते त्यांचं स्वतःचं होतं. मुलीच्या हातचं त्यांच्या डोळ्यांसमोर काहीएक नव्हतं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. त्यांनी उघडलं नाही. नवा बोर्ड उलटा करून भिंतीला लावून ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले, ब्रश धुतले, मग पुन्हा हात धुतले.

गुरुवारी शाळा अर्धा दिवस होती. दुपारी दोनला इमारत रिकामी झाली. वाळवणीच्या घोडीवर यंदाचे बोर्ड एकाखाली एक सरकवलेले होते आणि सतरा नंबरचा वरून चौथा होता, हे त्यांना मंगळवारपासून माहीत होतं. फक्त त्यांनी तिकडे बघायचं टाळलं होतं. यंदा तो नववीतल्या एका मुलीकडे आला होता. ती अंगानं एवढीशी होती आणि सतत काहीतरी उचलून कुठून तरी कुठे नेत असायची म्हणून तिला मुंगी म्हणत. मुंगीचा प्रकल्प होता, शाळेच्या मैदानासाठी पाणी पिण्याची जागा. तिनं महिनाभर पहिली-दुसरीच्या मुलांच्या उंच्या मोजल्या होत्या आणि नळ तीन उंचीचे केले होते, खालचा इतका खाली की बाईंनी विचारलं होतं, हा काय मांजरांसाठी का. मुंगीनं गंभीरपणे सांगितलं होतं, की नाही, बालवाडीसाठी. सांडलेलं पाणी झाडांकडे नेणारी एक नाली होती, सावलीसाठी छप्पर होतं, आणि बाजूला छोट्या अक्षरांत मापं. पोस्टर कलरचं नेटकं काम, निळा रंग जरा जास्त. तीन आठवडे लागले होते. फक्त अक्षरं राहिली होती.

बाईंनी बोर्ड टेबलावर आडवा ठेवला. पोस्टर कलर पाण्यानं सुटतो. डिस्टेंपरही सुटतो. खालचा ॲक्रिलिक सुटत नाही. ही तीन वाक्यं त्यांनी वर्गात शेकडो वेळा सांगितलेली होती आणि आता ती डोक्यात कुणा दुसऱ्याच्या आवाजात एकामागोमाग एक येत होती. त्यांनी ठरवलं की फक्त कोपरा बघायचा. उजवीकडचा खालचा, जिथे नुसती जमीन रंगवली आहे. तिथला रंग नंतर पुन्हा लावून देता येईल, मुंगीला कळणारही नाही. ओला स्पंज त्यांनी कोपऱ्यावर गोल गोल फिरवला. तपकिरी निघाला, मग पांढरं दूध झालं, ते पुसल्यावर खालून करड्या रंगाची एक पायरी वर आली. पायरीची कड सरळ नव्हती. ती मध्ये किंचित खाली वाकलेली होती, खूप माणसं चढून गेल्यावर दगडी पायरी झिजते तशी. डळमळीत, असं त्यांनी लिहिलं होतं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. छातीत काहीतरी धडधडत होतं आणि ते सुखासारखं होतं, हे त्यांना नंतर सगळ्यात जास्त लागलं. मुंगीची आठवण त्यांना राहिली नाही, असं म्हणता येणार नाही. आठवण होती. अजून एक पायरी बघू, मग थांबू, असं दर वेळी म्हणत त्या वर चढत गेल्या. नाली गेली, झाडं गेली, खालचा नळ गेला, मधला गेला. बादलीतलं पाणी तीनदा बदललं. डिस्टेंपर घट्ट बसलेलं होतं तिथे नखानं खरवडलं. साडेतीन वाजता जिना संपूर्ण बाहेर आला होता, पहिल्या वळणापर्यंत, आणि त्याच्यावर तो कठडा, सळीन्‌सळी शाबूत, चकचकीत, त्या जिन्याचा नसलेला. आणि वळणावरच्या सपाट जागेत, जिथे कुणीतरी उभं असायला हवं होतं, तिथे बोर्डाचं नागडं तपकिरी लाकूड दिसत होतं. तिथे रंग जाड असणार. पॉलिश पेपर तिथे जास्त फिरला होता. माणसाच्या उंचीचा एक घासलेला पट्टा, खाली बुटांच्या टाचा, दोन, आणि वर काहीच नाही.

टाचा होत्या. पुढे काय करायचं हे कळेना म्हणून बाई स्टुलावर बसल्या. टाचांवरून माणूस उभा करता येईल, हा विचार आलाच. आज आहे, उद्या सकाळ आहे, कपडे निळे. मंगळवारी त्याला पाहिलेलंच आहे. त्या उठून निळा रंग काढायलाही गेल्या, आणि झाकण उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बादलीतलं पाणी त्याच निळ्याचं आहे. त्यांनी झाकण लावलं. बादली रिकामी न करताच त्या घरी गेल्या.

शुक्रवारी त्या शाळा भरायच्या पाऊण तास आधी आल्या तरी मुंगी त्यांच्या आधी आलेली होती. अक्षरं पुरी करायला. ती टेबलाजवळ उभी होती, दप्तर अजून पाठीवरच, आणि हातात पातळ ब्रशांची डबी. बाईंच्या तोंडून पुन्हा तो मऊ, घाईचा आवाज निघाला: काल नळ गळाला, बोर्डावर पाणी पडलं, फार वाईट झालं, पण काळजी करू नको, मुदत वाढवून देते, मार्कांचं मी बघते. मुंगीनं बादलीकडे पाहिलं, मग स्पंजाकडे, मग घोडीवरच्या बाकीच्या पस्तीस कोरड्या बोर्डांकडे. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा, आणि ती रडेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या, कारण रडली असती तर जवळ घेता आलं असतं. ती रडली नाही. बोर्डावर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग वळणावरच्या त्या घासलेल्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"इथे तिचे बाबा होते," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं, तुला कसं माहीत. मुंगी त्यांच्याकडे न बघता तुटक तुटक सांगत गेली. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत ती वर यायची, डावरीचं पाणी बदलून द्यायला, कारण बेसिन जवळ असलं तरी भरलेला डबा उचलला की ताईला धाप लागायची. ताई बोलायची खूप. त्यांच्या घराला चार जिने होते. बाबा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी तिच्याबरोबर चार मजले चालत चढायचे. ती मध्येच थांबली की ते पुढच्या वळणापर्यंत जायचे आणि पाठ करून उभे राहायचे, खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवत. मागे वळून बघायचे नाहीत. तिचा श्वास शांत झाला की तो ऐकून बरोबर चढायला लागायचे. "ताई म्हणायची, मला दम लागलाय हे त्यांना दिसलं असं मला वाटू नये म्हणून ते असं करतात. आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही."

चेहरा नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला. विचारायचं बरंच होतं: हात कसे होते, डोकं खाली होतं का, उजेड कुठून येत होता. पण मुंगीनं ब्रशांची डबी दप्तरात टाकली, चेन ओढली आणि दाराकडे निघाली. बाई म्हणाल्या, तुझ्या प्रकल्पाचं मी खरंच बघते, तू चिंता करू नकोस. मुंगी दारात थांबली. नळ गळत नव्हता बाई, एवढंच ती म्हणाली, आणि तेही तक्रार केल्यासारखं नाही, एखाद्या मापाची चूक दाखवावी तसं. मग तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. बाई तो शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

लिफ्टवाला अकराला आला. आज तो साध्या शर्टात होता, केस विंचरलेले. त्यानं बरोबर एक चादर आणि सुतळी आणली होती, चित्र बांधून न्यायला. बाईंनी वर्गातल्या मुलांना ग्रंथालयात पाठवून दिलं होतं. बोलायचं काय ते त्यांनी रस्त्यात ठरवलं होतं, आणि आवाज पुन्हा तो मऊ निघू लागला तेव्हा त्या थांबल्या, खाकरल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. सूचना. पॉलिश पेपर. डिस्टेंपरचे दोन हात. स्टोअरमध्ये काही नव्हतं, मंगळवारी मी खोटं बोलले. काल धुऊन काढलं, तेव्हा एवढं मिळालं. तुम्ही इथे होतात, पाठमोरे. इथला रंग मीच घासून टाकला होता. आणि हा कठडाही तिचा नाही, माझा आहे.

लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघतात तसा तो गुडघ्यांवर हात ठेवून बोर्डाकडे बघत होता. मग त्यानं पायऱ्या बोटानं मोजल्या. दहा झाल्या. "बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. सातव्या पायरीचा टवका उडालेला होता आणि तिनं तोही काढला होता. त्यावर त्यानं अंगठा ठेवला, तसाच ठेवून तो इतका वेळ उभा राहिला की बाईंना वाटलं आपण बाहेर जावं. आता हा ओरडेल, असं त्यांना वाटत होतं. ओरडावं, असंही वाटत होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात स्पंज पोचला नव्हता. तिथे अजून छपराचा तुकडा होता, आणि निळं आकाश, आणि पेन्सिलीनं आखलेली एक ओळ. लिफ्टवाल्यानं तिकडे बोट केलं.

"हे वरचं कुणाचं होतं?"

बाईंनी सांगितलं. पाणी पिण्याची जागा, तीन आठवडे, बालवाडीसाठीचा नळ. डावरीचं पाणी बदलून द्यायची आणि चित्रातले बाबा ओळखले ती हीच, तेही सांगितलं.

"तिला विचारलं होतं का?"

"नाही."

तो सरळ उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण बाईंना आयुष्यात कुणी इतक्या सरळ आवाजात काही विचारलं नव्हतं. "मग माझ्यासाठी केलंत, असं म्हणू नका."

तसं म्हणायचं नव्हतं, असं त्या सांगणार होत्या. पण ते खरं नव्हतं. आतल्या आत त्या तेच म्हणत आल्या होत्या, कालपासून, प्रत्येक पायरीला. खाली मैदानात कुणाचा तरी तास चालू होता आणि शिट्टीचा आवाज येत होता. लिफ्टवाल्यानं विचारलं, ती मुलगी शाळेत आहे का आज. तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते. तिला जमत असेल तर. नसेल तर नाही.

बाई स्वतः खाली गेल्या. मुंगी भूगोलाच्या तासाला होती. तिला बाहेर बोलावून त्यांनी कोण आलंय ते सांगितलं, आणि येणार का, असं विचारलं. विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली. मुंगीनं विचार केला. मग मान हलवली आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईंना धाप लागली होती. वर्गात लिफ्टवाला दोन स्टुलं समोरासमोर ठेवून एकावर बसला होता. मुंगी आत जाऊन दुसऱ्यावर बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते. ये बाळ, असं तो म्हणाला, आणि म्हणाला, की काका तुझे फार आभारी आहेत, तू आधी सांग, तुझं चित्र काय होतं. मुंगीनं दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. नजरेत काही विशेष नव्हतं. फक्त ती बोलायला सुरुवात करत नव्हती. बाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्या मागे सरकल्या आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी मुंगीचा, बारीक, बराच वेळ. ती कशाची तरी उंची सांगत असावी. मग त्याचा. मग पुन्हा तिचा, आता हळू, आणि मध्येच ती थांबली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग एक मोठा माणूस रडतो तसा आवाज आला, अगदी थोडा, आणि त्यावर मुंगीचा आवाज तसाच पुढे चालू राहिला, न थांबता, समजावून सांगितल्यासारखा. कान दिला असता तर ऐकू आलं असतं. बाई तीन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

घंटा झाली. सहावीचा वर्ग धडधडत जिना चढून आला, रंगांच्या पेट्या, पाण्याचे डबे, ढकलाढकल, आणि बाई बाहेर उभ्या दिसल्यावर रांग आपोआप झाली. त्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. आत येऊ का, असं पहिल्या मुलीनं विचारलं. थांबा, बाई म्हणाल्या, आत लोक बसलेत. किती वेळ, असं मागून कुणीतरी विचारलं. माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलं थोडा वेळ चुळबुळली, मग एक एक करत व्हरांड्यातच भिंतीला पाठ लावून खाली बसली, डबे मांडीत धरून. बाईही बसल्या, त्यांच्या रांगेच्या शेवटी, जमिनीवर.